तैवानचे कारखाने आणि परदेशीं शिकणारा विद्यार्थी



उच्च शिक्षणासाठीं तैवानांत जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या अलीकडे वाढत आहे. व्याख्यानें आणि परीक्षा यांतच त्यांचा सारा काळ सरूं नये. तेथील कारखानेही त्यांनीं पाहावे. मात्र केवळ यंत्रें पाहून विस्मित होणें म्हणजे कारखाना पाहणें नव्हे. हा उद्योग कोणाच्या ज्ञानावर उभा राहिला, त्यास पाणी कोठून मिळतें आणि त्याची झळ कोणास लागते, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून अशी भेट निष्फळच होय.

आरंभ दक्षिणेकडील काओशुंग शहरांतील चियाओथोऊच्या साखर कारखान्यापासून करावा. जपानी अंमलांत १९०१ सालीं बांधलेला हा तैवानांतील पहिला आधुनिक साखर कारखाना १९९९ सालीं बंद पडला. आज तेथें संग्रहालय आहे. त्या काळीं शेतकऱ्यास आपल्या विभागाला नेमून दिलेल्या कारखान्यासच ऊंस विकावा लागे आणि भाव कारखाना ठरवी. याच जाचांतून १९२५ सालीं मध्य तैवानांतील अर्लिन येथें ऊंसकरी आणि पोलीस यांची चकमक उडाली. ऊंसाच्या भावाचें भांडण महाराष्ट्रास कांहीं नवें नाहीं.

तेथून उत्तरेस शिनचू येथें जावें. सरकारनें १९७३ सालीं औद्योगिक संशोधन संस्था स्थापिली; १९७६ सालीं आरसीए या अमेरिकन कंपनीकडून चिप बनविण्याची विद्या घेतली आणि तरुण अभियंते शिकण्यास अमेरिकेस धाडले. पुढें १९८० सालीं दोन विद्यापीठांच्या शेजारींच विज्ञान उद्यान उभें राहिलें. चिपच्या कारखान्यांत चकतीवर नक्षी उमटविण्याचें दालन पिवळ्या प्रकाशानें उजळलेलें असतें. कारण चकतीवरील प्रकाशग्राही लेपावर निळ्या-जांभळ्या किरणांचा परिणाम होतो. अनेक टप्प्यांनंतर चकती अतिशुद्ध पाण्यानें धुवावी लागते. म्हणूनच २०२१ सालच्या अवर्षणांत, घरें व उद्योग यांचें पाणी टिकविण्यासाठीं, कांहीं भागांतील भातशेतीचें पाणी तोडून शेतकऱ्यांस भरपाई देण्यांत आली.

तिसरें ठिकाण ताओयुआन. आरसीएचाच येथील कारखाना १९९२ सालीं बंद झाला आणि १९९४ सालीं असें उघडकीस आलें कीं, सुटे भाग धुण्याचीं रासायनिक द्रव्यें भूजलांत मुरलीं आहेत. अनेक कामगारांस कर्करोगानें गांठलें. दीर्घ लढ्यानंतर २०१५ सालीं तैपेईच्या न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. ज्या कंपनीकडून विद्या मिळाली, तिच्याच आवारांत हें विषही मुरलें होतें, ही गोष्ट विद्यार्थ्यानें आपल्या टिपणवहींत अवश्य नोंदवावी.

हा केवळ परमुलखाचा इतिहास नव्हे. शिनचूच्याच एका कंपनीच्या तंत्रज्ञानावर गुजरातेंत धोलेरा येथें चिपचा कारखाना उभारण्यास २०२४ सालीं आरंभ झाला. असे कारखाने चालविण्याचें काम उद्यां याच मुलांकडे येईल. पाणी आणि कामगार यांविषयींचे प्रश्न विचारण्याची संवय त्यांना तेथेंच लागली, तर त्यांचें शिक्षण खऱ्या अर्थानें सफल झालें असें म्हणतां येईल.