लष्करी अभियंत्यांची एकत्रित शिक्षणभूमी : दापोडी

सेनेच्या आगेकूचीचा मार्ग मोकळा करणे आणि शत्रूचा मार्ग रोखणे, ही दोन्ही कामे लष्करी अभियंत्यांकडे असतात. नद्यांवर पूल उभारणे, सुरुंग पेरणे व ते निकामी करणे, रस्ते, धावपट्ट्या आणि पाणीपुरवठा यांची व्यवस्था करणे हे त्यांचे कार्यक्षेत्र होय. यातील एक चूकही अनेकांच्या प्राणांवर बेतू शकते. म्हणूनच त्यांच्या प्रशिक्षणात एकसूत्रता असणे अगत्याचे ठरते.

भारतीय सेनेच्या अभियंता दलात मद्रास, बंगाल आणि बॉम्बे असे तीन गट असून त्यांची केंद्रे अनुक्रमे बंगळूर, रुरकी आणि खडकी येथे आहेत. प्रत्येक गटाला स्वतःची दीर्घ परंपरा आहे. नवभरती जवानांचे प्राथमिक प्रशिक्षण आजही या केंद्रांतच होते. अधिकाऱ्यांच्या व विशेष विषयांच्या उच्च प्रशिक्षणासाठी मात्र तिन्ही गटांना सामाईक अशी एकच संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, रुरकी येथे लष्करी अभियांत्रिकी शाळा सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ती पुण्यानजीक दापोडी येथे हलविण्यात आली आणि पुढे तिलाच लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे स्वरूप प्राप्त झाले.

एकत्रित प्रशिक्षणाचे महत्त्व बेली पुलाच्या उदाहरणावरून ध्यानात येते. सुमारे तीन मीटर लांबीच्या पोलादी चौकटी एकमेकींना खिळींनी जोडून हा पूल उभा राहतो. एका चौकटीचे वजन सुमारे २६० किलोग्रॅम असते आणि सहा जवान ती हातांनी उचलतात. अवजड यंत्राची गरज नसली, तरी सर्वांचा क्रम आणि मेळ अचूक असावा लागतो. एका गटाच्या तुकडीने आरंभिलेले काम दुसऱ्या गटाच्या तुकडीला अंधारातही पुढे नेता यावे, तर दोहोंच्या अधिकाऱ्यांची शिकवण एकच हवी. शिवाय पूलबांधणीला पाणी, सुरुंगकामाला मोकळी जमीन आणि अभ्यासाला प्रयोगशाळा लागतात. ही सामग्री तीन ठिकाणी उभारण्यापेक्षा एकाच ठिकाणी उभारणे अधिक काटकसरीचे ठरते.

या विद्येचा लाभ नागरी जीवनालाही होतो. मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २०१७ साली चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेल्यावर लष्कराच्या अभियंत्यांनी तेथे पादचारी पूल उभारला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. रणभूमीसाठी घडविलेले कौशल्य शांततेच्या काळातही जनतेच्या कामी येते, हेच यावरून दिसून येते.