दुर्बिणीचा डोंगर आणि सरकते हवामान

मोठ्या दुर्बिणीसाठी डोंगर निवडताना तिथल्या हवेची परीक्षा घेतली जाते. निरभ्र रात्री किती, बाष्प किती, वारा कसा, हे साधारण पाचेक वर्षे मोजतात आणि मग घुमट उभा राहतो. दुर्बीण मात्र त्या जागी तीस-चाळीस वर्षे काम करते. एवढ्या काळात हवामान होते तसेच राहील, हे गृहीतक आता डळमळू लागले आहे.

दख्खनच्या पठारावरची कोरडी हिवाळी हवा खगोलशास्त्रज्ञांच्या जुन्या ओळखीची आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडी, दोघांनीही तळ ठोकला होता. निलंग्यापासून जुन्नरपर्यंत आकाशाचे वेळापत्रक ढोबळमानाने एकच: चार महिने पावसाचे, उरलेले आठ निरीक्षणाचे. पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण याच वेळापत्रकावर चालते. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवलीला २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. जागेची उंची सुमारे १,००० मीटर, म्हणजे पर्वतशिखर म्हणायला तोकडीच. ढगांच्या वर डोके काढण्याची सोय इथे नाही.

म्हणून या आठ महिन्यांच्या कडा महत्त्वाच्या ठरतात. अरबी समुद्र तापतो आहे आणि २००१ ते २०१९ या काळात तिथली चक्रीवादळे आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ने मुंबईत भर हिवाळ्यात पाऊस पाडला. दुसऱ्या टोकाला अवकाळी: फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट लातूर जिल्हा विसरलेला नाही. एकेका वादळाचे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, पण असे दिवस वाढले तर दुर्बिणीच्या हातच्या उत्तम रात्री तेवढ्या कमी होतात. शेतातले नुकसान डोळ्यांना दिसते. वेधशाळेत घुमट बंद राहतो, इतकेच. ढग नसले तरी धूळ असते. जानेवारी २०२२ मध्ये पश्चिमेकडून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचे आकाश झाकोळले होते. अशी धूळ ताऱ्यांचा प्रकाश शोषते आणि आरशावरही बसते.

उष्णतेचा त्रास अधिक सूक्ष्म आहे. घुमटातली हवा आणि आरसा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार राहिले, तर तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखी थरथर सुरू होते आणि ताऱ्याचा ठिपका पसरतो. म्हणून दिवसाच घुमट संध्याकाळच्या अपेक्षित तापमानापर्यंत थंड करून ठेवतात. चिलीतल्या पारानाल शिखरावरील ८.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणींची शीतव्यवस्था, सूर्यास्ताचे तापमान १६ अंशांपलीकडे सहसा जाणार नाही, असे धरून आखली होती. २०२० मध्ये फॉस्टिन कांतालूब आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की तिथले सरासरी तापमान चार दशकांत दीड अंशाने वाढले आहे आणि ती मर्यादा आता अधिक वेळा ओलांडली जाते.

तापलेली हवा बाष्पही जास्त धरते, प्रत्येक अंशामागे सुमारे ७ टक्के. दृश्य प्रकाशाला त्याने फारसे बिघडत नाही; अवरक्त प्रकाश मात्र बाष्प गिळून टाकते. लडाखमध्ये ४,५०० मीटरवरच्या हान्लेची खरी किंमत तिथल्या कोरडेपणात आहे. तिथल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेले अवरक्त उपकरण जोडलेले आहे.

पुढचे काय? बर्न विद्यापीठाच्या कॅरोलिन हास्लेबाखर यांच्या गटाने २०२२ मध्ये जगातल्या आठ जागांचे २०५० पर्यंतचे अंदाज काढले. तापमान आणि बाष्प वाढणार, हे त्यांत स्पष्ट दिसते. ढगांबाबत आणि प्रतिमेच्या स्थिरतेबाबत ठोस कल आढळला नाही, पण डोंगरमाथ्यावरची हवा पकडण्यात जागतिक हवामान-प्रारूपे कच्ची पडतात, हेही लक्षात घ्यावे लागते. वणवे तर आधीच दारात आले आहेत: ऑस्ट्रेलियातील माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेच्या दुर्बिणी २००३ मध्ये जळाल्या, अमेरिकेतल्या किट पीकवर २०२२ मध्ये आग पोहोचली.

उपायांपैकी काही साधे आहेत. रात्रीचे वेळापत्रक आधीपासून न बांधता, त्या रात्रीच्या हवेनुसार काम निवडता येते. कोरड्या रात्री अवरक्त निरीक्षणे, दमट रात्री तेजस्वी ताऱ्यांचे वर्णपट. नव्या घुमटांची शीतव्यवस्था मात्र जुन्या नोंदींवर न बेतता, दुर्बीण जितकी वर्षे चालायची तितक्या वर्षांनंतरच्या तापमानासाठी आखावी लागेल.