बुबुळावरील लाल रेषा

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू त्याला अश्रूंमार्फत बाहेरच्या हवेतून मिळतो, तर पोषण मुख्यतः डोळ्यातील द्रवातून. रक्तवाहिन्यांचा हा अभाव त्याची पारदर्शकता टिकवितो.

इजा, जंतुसंसर्ग किंवा प्राणवायूची कमतरता झाली, की कडेने नव्या रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. नांदेड-लातूर भागात याची कारणे घराशेजारीच सापडतात. सोयाबीनच्या मळणीत उडालेला भुसा किंवा तुरीच्या धसकटाचा ओरखडा यांतून बुरशीचा व्रण होतो. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी मुलाच्या हातात फुटून चुना डोळ्यात जातो. रात्री कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपण्याची सवयही कारणीभूत ठरते.

या वाहिन्यांतून द्रव व स्निग्ध पदार्थ झिरपून दृष्टी धूसर होते. ‘फूल’ पडलेल्या डोळ्यावर नेत्ररोपण करावयाचे झाल्यास त्याच वाटेने शरीराच्या संरक्षक पेशी नव्या पारपटलापर्यंत पोहोचतात आणि ते नाकारले जाण्याचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्यांचा नकाशा महत्त्वाचा ठरतो.

स्लिट लॅम्पखाली मोठ्या वाहिन्या दिसतात, परंतु व्रणाच्या पांढुरक्या डागाआडच्या बारीक वाहिन्या निसटतात. त्यांसाठी हाताच्या शिरेत रंगद्रव्य टोचून छायाचित्रे घेत. त्यात मळमळ आणि क्वचित तीव्र ॲलर्जी संभवते.

ओसीटी अँजिओग्राफीत सुई नाही, रंगद्रव्य नाही, डोळ्यास स्पर्शही नाही. ओसीटी तंत्र 1991 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मांडले. मधुमेही रुग्णांना ते पडद्याच्या तपासणीमुळे परिचित आहे. प्रकाशकिरणांनी एकाच जागेची प्रतिमा लागोपाठ घेतली जाते. स्थिर ऊती प्रत्येक वेळी सारखीच दिसते, वाहत्या रक्तपेशींमुळे मात्र प्रतिमेत फरक पडतो. त्या फरकावरून संगणक वाहिन्यांचे जाळे व त्यांची खोली दाखवितो. उपचारानंतर जाळे आटले की वाढले, हेही पुन्हा तपासता येते.

या तपासणीस मर्यादा आहेत. डोळा हलला तर चित्र बिघडते, फार संथ प्रवाह निसटतो आणि वाहिनीतून होणारी गळती दिसत नाही. शिवाय ही सोय सर्वत्र नाही. डॉक्टरांनी सुचविल्यास मोठ्या पारपटल केंद्रात जावे लागते. आपल्याकडून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते.

घरी मात्र एवढे करावे. चुना डोळ्यात गेल्यास तत्क्षणी स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा. दूध, तूप, मध घालू नये. धुऊन होताच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लाल डोळ्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉईडचे थेंब आणू नयेत; बुरशीचा व्रण त्याने झपाट्याने पसरतो. चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, आणि मळणीवर डोळे झाकणारा चष्मा लावावा.