कातारी, चितारी आणि वाटोळी कथा

पोथ्यांच्या संग्राहकांस एक जुनी खोड आहे. पोथी हातीं आली कीं तिचें पान न् पान मोजून टिपावयाचें, आणि तिच्या शेजारीं फळीवर असलेला करंडा मात्र बायकांची वस्तु म्हणून तेथेंच ठेवून यावयाचा. प्रस्तुत लेखांत कातीव व चितारलेल्या लांकडी भांड्यांचा विचार करण्याचें कारण एवढेंच कीं, त्यांवरील कथाचित्रें हींही एक प्रकारचीं लिखितेंच होत, आणि तीं वाचण्याची रीत ठाऊक नसल्यामुळें तीं मोडींत चाललीं आहेत.

प्रथम शब्दांकडे पाहूं. लांकूड फिरतें ठेवून त्यास गोल घाट देणें यास मराठींत कातणें म्हणतात. तें करणारा तो कातारी. संस्कृतांत या यंत्रास भ्रम, भ्रमि, कुंद अशीं नांवें आहेत. सूर्याचें तेज त्याची पत्नी संज्ञा हिला साहेना, तेव्हां विश्वकर्म्यानें सूर्यास भ्रमीवर चढवून त्याच्या तेजाचा कांहीं अंश कातून काढिला व त्यापासून विष्णूचें चक्र, शिवाचा त्रिशूळ इत्यादि आयुधें घडविलीं, अशी कथा विष्णुपुराणांत आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत, इंदुमतीच्या स्वयंवरप्रसंगीं, अवंतीच्या राजाची रुंद छाती व बारीक वाटोळी कंबर वर्णून कालिदासानें याच कथेची उपमा योजिली आहे. टीकाकार येथें तेजाचाच विचार करितात. आम्हांस मात्र वाटतें कीं, वर रुंद व मध्यें निमुळता असा कातीव घाट ज्यानें डोळ्यांनीं पाहिला होता, त्यासच ही उपमा सुचावी.

आतां कोंकणाकडे वळूं. सावंतवाडीच्या लाखकामास व गंजिफांस तिसरे खेम सावंत (१७५५–१८०३) यांच्या काळापासून राजाश्रय मिळाला, असें सांगतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा धंदा बसत चालला असतां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागिरांस काम देऊन तो पुन्हां उभा केला. कामाची रीत अशी. लांकूड दोन टोंकांमध्यें धरून पूर्वीं दोरीनें वा कमानीनें फिरवीत, हल्लीं विजेवर फिरवितात. घाट निघाला म्हणजे रंगीत लाखेची कांडी फिरत्या लांकडावर दाबून धरितात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर बसते, आणि केवड्याच्या जातीच्या पानानें घोटली असतां तीस तकाकी येते.

येथवर काम काताऱ्याचें. पण यंत्रावर वर्तुळेंच निघतात, मत्स्य कीं वराह निघत नाहीं! तेथें कुंचला हवा, आणि कुंचला चिताऱ्याचा. सावंतवाडीच्या बाजारांत चितारआळी आजही आहे. गोमंतकांत कुंकळ्ळीस तर चितारी हेच कातणें आणि रंगविणें हीं दोन्हीं कामें करीत आले. परीक्षा करणारानें म्हणून भांडें हातीं घेतांच दोन हात वेगळे ओळखावे. जो रंगपट्टा सबंध भोंवतीं सारख्या जाडीनें गेला आहे, ज्यांत कुंचल्याची रेघ वा सांधा नाहीं, तो यंत्रावरचा. पानाफुलांची वेल व आकृति मागाहूनच्या. गंजिफांचा डबा बहुधा चौकोनी, म्हणजे तो सुताराचा; त्यावरचा कुंचला मात्र चिताऱ्याचाच.

वाटोळ्या भांड्यावरील कथेस आरंभ नसतो, ही खरी अडचण. कुडाळाजवळील पिंगुळीचा चित्रकथी सुटीं चित्रें एकामागून एक दाखवितो. क्रम त्याच्या मुखांत असतो. करंड्यावर क्रम लांकडाला चिकटलेला. दशावतार असल्यास मत्स्य शोधावा व तेथून मोजीत जावें. कोणत्या बाजूस जावयाचें तें कूर्म सांगतो. गंजिफांतही हेच दहा अवतार दहा रंग होतात, प्रत्येकीं बारा पानें, एकूण १२०. नवव्या आकृतीवर विशेष लक्ष ठेवावें. तेथें बुद्धाच्या जागीं कटीवर कर ठेविलेला विठोबा असेल तर हात मराठी समजावा. ओढ्यांच्या देशांत त्याच स्थानीं जगन्नाथ येतो. सन नसलेल्या वस्तूचा प्रांत ठरविण्यास याहून सोपी खूण थोडी.

येथें आंबिवलीस आम्हीं पाहिलेल्या एका करंड्याची गोष्ट सांगितली पाहिजे. कोंकणांतून सासरीं आलेल्या आजीबाईंबरोबर तो आला होता. घरच्या मंडळींनीं सामानास पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे तो उजळावयास दिला. त्यानें स्पिरिटचा बोळा फिरविला, आणि मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे सहा अवतार तांबूस डागांत मिसळून गेले. लाख स्पिरिटांत विरघळते. पॉलिशवाला याच गुणावर पोट भरतो. म्हणून अशा भांड्यास कोरड्या मऊ फडक्याखेरीज कांहींही लावूं नये, उन्हांत ठेवूं नये, व झांकण आणि बूड यांची नोंद एकाच अंकानें करावी, कारण झांकणें फार लवकर परक्या घरीं जातात. त्या करंड्यावर राम, कृष्ण, विठोबा व कल्की आहेत. त्यांचीं रेखाटनें आम्हीं क्रमानें उतरून घेतलीं आहेत. पुसलेल्या सहांच्या जागा कोऱ्या सोडिल्या आहेत.