बाळूंची सही, पण कोणत्या शाईची?

चर्मकार समाजातून आलेले डावखुरे गोलंदाज बाळू पालवणकर यांची सही असलेला चेंडू इंटरनेटवर विक्रीला दिसला, तर आपल्यापैकी कोणाचे मन हलणार नाही? याच आपुलकीवर काही विक्रेते टपलेले असतात. म्हणून पैसे भरण्याआधी आम्ही सनावळी तपासतो. 'बाळूंनी कसोटीत टाकलेला चेंडू' असे लिहिले असेल तर पुढे वाचूच नये. भारताची पहिली कसोटी १९३२ ची; बाळूंनी इंग्लंडमध्ये ११४ बळी घेतले तो दौरा १९११ चा. त्या दौऱ्याच्या फोटोवर बॉलपेनची सही असेल तर? बॉलपेन बाजारात आले १९४० नंतर. बाळू १९५५ पर्यंत हयात होते, तेव्हा 'सही मागाहून केली' असा बचाव होईल. मग ती कोणासाठी केली, आजवर कोणाकडे होती, हे लेखी मागावे. विक्रेत्याने स्वतःच छापलेले प्रमाणपत्र हा पुरावा नव्हे, वाचकहो!

पुण्यात बाळूंना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. 'तेच हे भांडे' असे कोणी म्हणाले, तर एवढेच विचारावे: विटाळ नको म्हणून वापरून फेकायचे भांडे जपले कोणी?