डॉलर चांदीचा की नुसताच जुना?

वांद्र्यात पाली गाव, रनवार, चिंबईकडची जुनी घरं पुनर्विकासाला निघाली की माळ्यावरून नाण्यांचा एखादा डबा खाली येतो. कुणाचे आजोबा बोटीवर होते, कुणाची आत्या अमेरिकेत स्थायिक झालेली. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, लाखो रुपये येतील; दुसरा म्हणतो, मोडीत घाला. दोघांनीही नाणं नीट पाहिलेलं नसतं. नाण्याला दोन किमती असतात, एक धातूची आणि दुसरी संग्राहकाची. दोन्ही कळल्याशिवाय ते हातचं जाऊ देऊ नये.

गैरसमज : जुनं पांढरं अमेरिकी नाणं म्हणजे चांदी.
वस्तुस्थिती : आधी साल वाचा. १० सेंटचं डाइम, २५ सेंटचं क्वार्टर आणि हाफ डॉलर ही नाणी १९६४पर्यंत ९० टक्के चांदीची होती. १९६५पासून डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली. केनेडींच्या हाफ डॉलरमध्ये ती १९७०पर्यंत ४० टक्के उरली. १९७१पासूनचा आयझेनहॉवर डॉलर हाताला भारी लागतो, पण रोजच्या चलनातल्या त्या नाण्यात चांदी नाही. क्वार्टर उभं धरून कड पाहा : तांब्याची लालसर रेघ दिसली, तर ते चांदीचं नाही. १९४३चा पांढरा सेंट तर जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद आहे.

गैरसमज : चुंबकाला चिकटलं नाही, म्हणजे चांदीच.
वस्तुस्थिती : तांबं-निकेलची मिश्र नाणीही चिकटत नाहीत. खरी परीक्षा वजनाची. मॉर्गन डॉलर (१८७८ ते १९०४ आणि १९२१) २६.७३ ग्रॅमचा असतो, त्यात शुद्ध चांदी सुमारे २४ ग्रॅम. त्याच्या नकलाही भरपूर आहेत. घरच्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून तळाला किंवा काठाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा साधारण २.६ ग्रॅम दाखवेल. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की १०.३च्या आसपास घनता येते. तांबं-निकेलची येते ८.९. शंका उरलीच, तर सराफाकडच्या एक्सआरएफ यंत्रावर ओरखडाही न पडता चांदीचं प्रमाण कळतं. कसोटीवर घासायला किंवा तेजाब लावायला मात्र देऊ नका.

गैरसमज : जितकं जुनं, तितकं महाग.
वस्तुस्थिती : किंमत ठरते ती किती नाणी पाडली, किती उरली आणि कोणत्या अवस्थेत उरली यावर. १९२१मध्ये एकट्या फिलाडेल्फियात सुमारे ४ कोटी ४७ लाख मॉर्गन डॉलर पाडले गेले. १८९३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फक्त १ लाख. म्हणून मागच्या बाजूला, पुष्पचक्राखाली, टांकसाळीचं बारीक अक्षर आहे का ते भिंगातून पाहा. कित्येक डॉलर तर आपल्यामुळेच नाहीसे झाले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा पडला. लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. तेव्हा १९१८च्या पिटमन कायद्यानुसार अमेरिकेने सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले. त्यातल्या जवळपास २६ कोटींची चांदी ब्रिटनला विकली गेली. ती हिंदुस्थानसाठीच होती. मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले.

गैरसमज : राजाचा रुपया म्हणजे अस्सल चांदी.
वस्तुस्थिती : त्याच डब्यात बहुधा हेही रुपये असतात. १९३९पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. १९४० ते १९४५च्या रुपयात चांदी निम्मीच, आणि १९४७चा तर निकेलचा. सहाव्या जॉर्जचा चेहरा मात्र तिन्ही प्रकारांवर सापडतो.

गैरसमज : घासून चकचकीत केलं की भाव वाढतो.
वस्तुस्थिती : चिंच, राख, टूथपेस्ट, काहीही लावू नका. वर्षानुवर्षं चढलेली काळसर झाक संग्राहकाला हवी असते. घासल्याने पडलेले बारीक ओरखडे कधीच भरून येत नाहीत आणि दुर्मिळ नाण्याचा भावही पाडतात.

गैरसमज : जुनी नाणी रिझर्व्ह बँक लाखोंनी विकत घेते.
वस्तुस्थिती : बँकेने २०२१मध्येच स्पष्ट केलं, की ती अशा व्यवहारात नाही, त्यासाठी शुल्क वा कमिशन घेत नाही आणि कुणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. ‘नोंदणीचे पैसे आधी पाठवा’ म्हणणारा फोन तिथेच ठेवून द्या. रामदरबार कोरलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणीही चलन नव्हेत, ते बिल्ले आहेत.

आणखी एक, अमेरिकेतल्या लेकरांना आजोबांची आठवण पाठवणाऱ्यांसाठी : शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. डबा हाती आला की प्रत्येक नाण्याचं साल, वजन आणि टांकसाळीचं अक्षर वहीत लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मगच दोन जाणकारांना भाव विचारा. चांदीचा भाव उद्याही मिळेल. वितळवलेलं नाणं मात्र कोणत्याही भावात परत मिळत नाही.