स्टेनलेस तारेला भट्टी दाखवू नका

शिरूर कासारजवळून सिंदफणा वाहते; पुढे याच नदीवर माजलगावचे धरण आहे. अशा पाण्यात मरळ धरण्यासाठी फिरत्या चकतीचे बनावट आमिष चालते. चकती, मणी, गळ आणि या सर्वांना धरून ठेवणारी स्टेनलेसची तार, एवढेच त्याचे सामान. पत्र्याचे वा लोखंडाचे काम जाणणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना हा जोडधंदा घरबसल्या करता येईल. मात्र तार नीट समजून घेतली पाहिजे.

आम्ही पहिल्या खेपेस चुकलो. तार वळेना, म्हणून लोखंडाच्या सवयीने ती लाल केली, वळवली आणि पाण्यात विझवली. माल देखणा झाला. पण मासा ओढताच कडी उघडली.

याचे कारण साधे आहे. कार्बनचे पोलाद तापवून विझवले की कडक होते. सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ३०४ जातीचे स्टेनलेस तसे होत नाही. त्याच्या तारेचा ताठपणा कारखान्यात ती थंड ओढताना येतो. लाल केली की तो जातो व विझवल्याने परत येत नाही.

म्हणून खरेदी करतानाच ‘स्प्रिंग तार’ मागावी. कमानीसारखी थोडी वाकवून सोडावी. सरळ झाली तर स्प्रिंगची, वाकलेलीच राहिली तर नरम. ओढलेल्या तारेला लोहचुंबक थोडे चिकटते. तेवढ्यावरून माल खोटा समजू नये. मध्यम आमिषाला २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची तार पुरते.

तार थंडच, गोल तोंडाच्या पकडीने वळवावी. ती मागे उसळते, म्हणून हव्या कोनापेक्षा किंचित जास्त वळवावी. एकाच जागी उलटसुलट वाकवू नये. तेथेच ती तुटते. कडी करून तीन घट्ट वेढे द्यावेत. कापताना टोक उडते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच. पकडीचे वा कानशीचे लोखंडी कण तारेवर राहिले तर गंजाचे डाग पडतात. माल धुऊन, पुसूनच बांधावा.

विक्रीपूर्वी प्रत्येक नगाच्या दोन्ही कड्यांमध्ये पाण्याने भरलेली दहा लिटरची बादली टांगून पाहावी. गिऱ्हाईक तारेची जात विचारणार नाही. पण कडी उघडली तर दुसऱ्यांदा दुकानात येणारही नाही.